पात्रास

जेवणाच्या टेबलाची काच आता दिसत नाही.
तिच्यावर युरोप पसरलाय, कोपऱ्यांवर वजनं :
लोणच्याची बरणी, अडकित्ता, माझा चष्मा,
आणि नॉर्वेवर रत्नाकरच्या बीपीच्या गोळ्या.
नॉर्वेला जायचं नाहीये, म्हणून तिथे.

आम्ही जेवतो मांडीवर ताट घेऊन.

मी चालवणार, तो वाट सांगणार, असं ठरलंय.
बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले मी, चेंबूर नाक्यावर,
असंख्य शिव्या आणि एका रिक्षाचा आरसा एवढ्या खर्चात.
त्याला येत नाही. त्याला तक्ते येतात.
म्युनिकपासून रोज किती किलोमीटर, कुठे पेट्रोल,
कुठल्या बोगद्याला टोल, कुठल्या गावात दही मिळेल.
सव्वीस दिवसांच्या सव्वीस ओळी,
सगळ्या भरलेल्या. सतरावी सोडून.

सतराव्या दिवशी अंकोना ते पात्रास.
गाडीसकट बोटीत. रात्रभर समुद्र, आणि उजाडल्यावर पुन्हा तोच.
तिथे त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय, पेन्सिलीने.

नाव रत्नाकर, आणि नावेला भितो.

मी एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं,
त्यामुळे मला आधी दिसली ती विभक्ती.
पात्रास. एकवचन. द्वितीया की चतुर्थी,
हे वाक्य पुढे गेल्याशिवाय सांगता येत नाही.
वाक्य पुढे जात नव्हतं.

तोवर मी माझा सराव केला.
पहाटे सोसायटीच्या आवारात, बंद गाडीत,
डावीकडच्या सीटवर बसून, नसलेलं स्टिअरिंग धरून,
उजव्या हाताने हवेत गिअर टाकत.
वॉचमन लल्लन दोन दिवस लांबून बघत होता.
तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आला,
शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाला,
"मॅडम, ड्रायव्हर आला नाही का?"

मग एका रविवारची, त्याला न विचारता,
भाऊच्या धक्क्यावरून तिकिटं काढली. मांडवा, रो-रो. गाडीसकट.
त्याने उलटीची गोळी रात्रीच घेतली, सकाळी परत एक,
खिशात लिंबू, आणि चेहरा असा
की मी त्याला विसर्जनाला नेतेय.

शिट्टीवाल्या पोराने हात हलवत हलवत
आमची गाडी बोटीच्या पोटात घेतली, दोन टेम्पोंच्या मधे,
चाकांना पाचर मारली. "वर जा," म्हणाला.
रत्नाकर गेला नाही.
लोखंडी भिंतीशी नाक नेऊन उभा राहिला.
कुठेतरी ताजा रंग होता. शेंदरी प्रायमर. मलाही आला वास.

"बाबांच्या शर्टाला," तो म्हणाला.

सासरे माझगावला गोदीत जहाजांची पोटं रंगवायचे.
सत्तावीस वर्षं. बसले एकदाही नाहीत.
त्यांचे शर्ट मी वेगळ्या बादलीत भिजवायचे,
बाकीच्या कपड्यांना वास लागू नये म्हणून.
हे मी तिथे बोलले नाही.

बोट हलली. आणि आजारी पडले मी.
मी, जिने महिनाभर टोमणे मारले.
कठड्याला धरून, सकाळचा सगळा उपमा अरबी समुद्रास.
(चतुर्थी. दान या अर्थी.)
पाठीवर त्याचा हात, नाकाशी त्याचं लिंबू,
आणि तो घड्याळात बघून सांगतोय :
"एक तास धर. म्हणजे आता एकेचाळीस मिनिटं.
आता चाळीस."

रात्री सतराव्या ओळीतलं प्रश्नचिन्ह त्याने पुसलं.
पुसूनही जरा दिसतंय.
त्याच्यावर लिहिलंय : केबिन, दोन बर्थ. लिंबं सहा.

मंगळवारी व्हिसाचे फोटो.
दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणे.
माझे केस कानांवर येतात हल्ली.
"पिना लाव," तो म्हणतो.
मघाशी इथेच होत्या.
मी नॉर्वे उचलून बघतेय.